उशाशी ठेवलेला बिस्किटांचा पुडा

आमच्या बोरी अरबसारख्या गावात घरी जाऊन वृद्ध रुग्णाला तपासायचे म्हटले, तर खाटेजवळ तीन वस्तू हमखास आढळतात : पाण्याचा तांब्या, औषधांची पिशवी आणि बिस्किटांचा पुडा. तांब्या भरला आहे की नाही, हे घरचे पाहतात. पिशवीतील गोळ्या डॉक्टर पाहतो. पुड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. दारव्हा तालुक्यातील या परिसरात इतकी वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, वृद्ध माणसाच्या प्रकृतीबद्दल तो पुडा पुष्कळ काही सांगत असतो. तो किती दिवसांत संपतो, कोण आणून देतो आणि कोणत्या वेळी उघडला जातो, एवढे विचारले तरी आजाराचा अर्धा इतिहास हाती येतो.

“भाकर उतरत नाई जी, चाय-बिस्कुट उतरते,” हे वाक्य मी आजवर किती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकले, याची गणती नाही. घरच्या मंडळींनाही त्यात काही वावगे वाटत नाही. ‘काहीतरी पोटात जाते आहे ना,’ असे त्यांचे समाधान असते. बिस्किटाला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्या पदार्थाने आपल्या घरात इतके मानाचे स्थान मिळवले, तो तेथवर कसा पोहोचला हे समजून घ्यावे आणि मग त्याला त्याच्या योग्य जागी ठेवावे, एवढाच हेतू आहे.

आज देवळाच्या पायरीवरही निःशंकपणे खाल्ले जाणारे बिस्कीट एके काळी महाराष्ट्रात धर्मसंकट ठरले होते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानासाठी बोलावण्यात आले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि पुण्यात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे प्रश्न निघाले. हा सारा घाट ज्यांनी घातला, ते गोपाळराव जोशी म्हणजे भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पती. मिशनऱ्यांच्या घरचा चहा आणि परक्या हातांनी भाजलेले बिस्कीट घशाखाली उतरल्याने माणूस जातीबाहेर जाऊ शकत होता, असा तो काळ होता.

त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत हे चित्र पालटले. १८९२ मध्ये कलकत्त्यात अवघ्या २९५ रुपयांच्या भांडवलावर एक छोटा बिस्कीट व्यवसाय सुरू झाला. तीच पुढे ब्रिटानिया म्हणून ओळखली गेली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या पालटाचे केंद्र मुंबईचे विलेपार्ले ठरले. मोहनलाल दयाल चौहान यांनी १९२९ च्या सुमारास तेथे कारखाना उभारला. प्रारंभी तेथे जेमतेम बारा माणसे काम करीत आणि गोळ्या-मिठाई तयार होई. उपनगराचे नाव कारखान्याला मिळाले आणि कारखान्यामुळे त्या उपनगराचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यात गेले. बिस्किटांचे उत्पादन सुमारे दहा वर्षांनी सुरू झाले. तोवर बिस्कीट ही साहेबाच्या टेबलावरची, विलायती डब्यातून येणारी महाग वस्तू होती. साध्या माणसाला परवडणारे देशी बिस्कीट, अशी या ‘पार्ले ग्लुको’ची ओळख झाली. त्या स्वदेशीच्या दिवसांत ती मोठीच शिफारस होती.

‘ग्लुको’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ‘ग्लुकोज’ या शब्दाभोवती एक तेजोवलय आहे. अशक्तपणा आला की ‘ग्लुकोजची बाटली लावा’ असा आग्रह आजही आमच्याकडे धरला जातो. ती बाटली म्हणजे ताकद, आणि ज्या बिस्किटाच्या नावात तोच शब्द आहे तेही ताकदीचे, असे समीकरण लोकांच्या मनात सहज बसले. ‘ग्लुकोज बिस्किटे’ म्हणून अनेक कंपन्यांनी आपापला माल बाजारात आणला. ‘शोले’तील गब्बरसिंग, म्हणजे अमजद खान, ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात करीत असे, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. या गर्दीत आपले वेगळेपण राखण्यासाठी पार्लेने १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पार्ले-जी’ हे नाव धारण केले. ‘जी’ म्हणजे ग्लुकोज. पुढे जाहिरातीत त्याचा अर्थ ‘जीनियस’ असा झाला, पण खेड्यातल्या माणसाच्या मनातला ग्लुकोज काही गेला नाही.

पुड्यावरील गुटगुटीत बाळाच्या चित्राचीही अशीच दंतकथा झाली. नागपूरच्या एका मुलीचे ते छायाचित्र आहे, अशी वदंता विदर्भात पुष्कळ वर्षे फिरत होती. प्रत्यक्षात ते छायाचित्र नसून १९६० च्या दशकात जाहिरातसंस्थेतील चित्रकार मगनलाल दैया यांनी काढलेले चित्र आहे, असे कंपनीने स्पष्ट केले आहे. हे बाळ आपल्याच भागातले असावे असे लोकांना वाटले, यातच त्या पुड्याने मिळवलेली जवळीक दिसते. २०११ मध्ये नील्सन या संस्थेच्या पाहणीत पार्ले-जी हे जगात सर्वाधिक विकले जाणारे बिस्कीट ठरले. २०१६ मध्ये विलेपार्ल्याचा मूळ कारखाना बंद झाला, तेव्हा त्या रस्त्यावर दरवळणारा भाजलेल्या बिस्किटांचा गंध आठवून अनेक मुंबईकर हळहळले. २०२० च्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या हातांत लोकांनी जे ठेवले, त्यात बिस्किटांचे पुडे होतेच. त्या महिन्यांत या बिस्किटाची विक्री विक्रमी झाली.

अशी जवळीक केवळ आपल्याच देशात आढळते असे नाही. अमेरिकेत ‘ट्विंकी’ नावाचा एक लहानसा, पुडीबंद, मधोमध साय भरावी तसे गोड क्रीम भरलेला केक आहे. १९३० मध्ये, महामंदीच्या दिवसांत, जेम्स ड्यूअर नावाच्या बेकरी-व्यवस्थापकाने तो तयार केला. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरला की त्या केकचे साचे रिकामे पडत. त्यांचा उपयोग व्हावा आणि लोकांना स्वस्तात काही गोड मिळावे, ही त्यामागची कल्पना. २०१२ मध्ये तो बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा उरलेली पाकिटे विकत घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली आणि २०१३ मध्ये नव्या मालकांनी तो पुन्हा बाजारात आणला. त्या गर्दीला भूक नव्हती. त्यांना आपले बालपण हातातून निसटताना दिसत होते. पुडीबंद गोड पदार्थाची खरी मोहिनी येथे आहे. तो स्वस्त असतो, दर वेळी त्याच चवीचा असतो आणि लहानपणीच्या एखाद्या आनंदाशी बांधलेला असतो.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला बिस्कीट रोज मिळत नव्हते. ते यात्रेत मिळे, एसटीच्या प्रवासात मिळे आणि ताप आला म्हणजे मिळे. ‘पथ्याचे खाणे’ म्हणून साबुदाण्याच्या पेजेशेजारी ते बसले. आजारी माणसाला भेटायला जाताना केळी आणि बिस्किटांचा पुडा नेण्याची आपली रीत तेथूनच आली असावी. लहानपणी जे केवळ आजारपणात लाडाने मिळाले, ते म्हातारपणी हवेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

त्याखेरीज शरीराची कारणे आहेत. दात गेलेले असतात, कवळी बसत नाही किंवा डब्यात पडून असते. रक्तदाब, नैराश्य, लघवीच्या तक्रारी यांवरील काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते. वास आणि चव यांची जाण मंदावते. भाजी-वरण ‘पाणचट’ लागू लागते, गोड मात्र अजून कळते. बिस्किटात पाण्याचा अंश अत्यल्प असतो. चहात बुडवताच त्याला आकार देणारी साखर विरघळते, पिठूळ भाग फुगतो आणि काही सेकंदांत त्याचा मऊ लगदा होतो. दात नसलेल्या तोंडासाठी याहून सोपा घास कोणता?

सर्वांत मोठे कारण मात्र शरीराचे नाही, मनाचे आहे. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या भागातील घर सकाळी रिकामे होते. सून, मुलगा वावरात जातात; म्हातारे माणूस घरी राहते. शिंक्यावर भाकर असते, पातेल्यात वरण असते; पण ते गरम करायचे, भाकर कुस्करायची, ताट-वाटी घ्यायची, मग ती घासायची. हात थरथरत असतील तर हे सारे डोंगराएवढे वाटते. संध्याकाळी दमून आलेल्या सुनेला ‘मऊ काही करून दे’ म्हणायचा संकोच वाटतो. अशा वेळी उशाशी असलेला पुडा हे एकच अन्न असे असते, की ज्यासाठी कोणापुढे तोंड उघडावे लागत नाही. तो पुडा म्हणजे त्या माणसाचे उरलेसुरले स्वावलंबन असते. म्हणून ‘उद्यापासून बिस्किटे बंद’ असे फर्मान काढणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी थांबवतो. पुडा काढून घेतला आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर ते माणूस त्यानंतर भाकर खाऊ लागत नाही. ते उपाशी राहते.

आता हिशेब पाहू. पुड्याच्या मागील बाजूस पोषणमूल्यांचा तक्ता असतो. चष्मा लावून तो एकदा अवश्य वाचावा. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममागे साधारण ४५० किलोकॅलरी ऊर्जा, सुमारे पाव हिस्सा साखर आणि अवघी सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. घटकांत मुख्यतः मैदा, साखर आणि पामतेल. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या लहान पुड्यातून साधारण अडीच चमचे साखर आणि साडेतीन ग्रॅम प्रथिने मिळतात. चहातली साखर वेगळी. पन्नास किलो वजनाच्या वृद्ध व्यक्तीला दिवसाकाठी ५० ते ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आज अनेक तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे लागते. चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या माणसाला याचा पाचवा हिस्साही मिळत नाही.

याचा परिणाम एकदम दिसत नाही. भूक भागल्यासारखी वाटते, रक्तातील साखर वाढते आणि स्नायू मात्र झिजत जातात. बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो, धोतराचा कासोटा सैल होतो. ओट्यावरून उठताना हातांचा आधार लागतो. मग एके दिवशी न्हाणीघरात तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. लोक म्हणतात, ‘पाय घसरला.’ वस्तुतः तो घसरण्याची तयारी वर्षभर चाललेली असते. त्यात मैद्यामुळे चोथा कमी, पाणी कमी. म्हणून बद्धकोष्ठता ठरलेली.

मधुमेही रुग्णांच्या घरांत ‘ग्लुकोज’ या शब्दामुळे एक धोकादायक गैरसमज आढळतो, तो येथे स्पष्ट केला पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने वेळेवर जेवण केले नाही, तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते. वृद्धांत तर कधी कधी एवढेच दिसते, की माणूस असंबद्ध बोलू लागले किंवा झोपाळू झाले. अशा वेळी घरचे धावपळ करून ग्लुकोज बिस्कीट खाऊ घालतात. परंतु बिस्किटातील मैदा आणि स्निग्धांश यांमुळे त्यातील साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि त्या क्षणी वेळच तर आपल्याजवळ नसतो. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर आधी तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खालीच असेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटल्यावर मग जेवण किंवा बिस्किटे द्यावीत. ज्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध चालू आहे, त्यांना घरातील साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्या घरी ग्लुकोज पावडरचा डबा हवाच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि गोळ्यांमुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

दुसरी सावधगिरी पक्षाघात झालेल्या किंवा कंपवाताच्या रुग्णांसाठी. चहात बुडवलेले बिस्कीट मऊ असते म्हणून ते निर्धोक असते, असे नाही. त्यात पातळ चहा आणि लगदा असे दोन्ही एकत्र असतात, आणि कमकुवत झालेल्या घशाला हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणे जड जाते. खाताना ठसका लागणे, आवाज ओलसर होणे, वारंवार खोकला किंवा ताप येणे ही अन्न श्वासनलिकेत उतरत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णाला आडवे ठेवून कधीही भरवू नये. ताठ बसवून, लहान घास देऊन, आधीचा घास गिळल्याची खात्री करून पुढचा द्यावा, आणि वरील लक्षणे दिसल्यास बिस्किटांसह सर्वच आहाराबाबत सल्ला घ्यावा.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, बिस्किटाला चहासोबत राहू द्यावे, जेवणाच्या जागी बसू देऊ नये. सकाळ-संध्याकाळ दोन बिस्किटे बहुतेक वृद्धांना बाधत नाहीत. मधुमेहींनी ती आपल्या दिवसाच्या हिशेबात धरावीत. दुसरी गोष्ट, पुड्याशेजारी दुसरा डबा ठेवावा, तोही असा की ज्याला कोणाची मदत लागणार नाही. सोललेल्या फुटाण्यांची पूड आणि गूळ, शेंगदाण्याचा कूट घातलेला मऊ लाडू, राजगिऱ्याच्या लाह्या, केळे हे सारे आपल्या दारव्हा-यवतमाळच्या बाजारात सहज मिळते. मधुमेहींसाठी गूळ वगळून फुटाण्याची पूड ताकात कालवता येते. डब्याचे झाकण सैल असावे. घट्ट झाकणाचा डबा म्हाताऱ्या बोटांसाठी कुलूपच असते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्याच घरातील मऊ पदार्थांची आठवण ठेवावी. ज्वारीच्या कण्या ताकात, आंबील, पातळसर पिठले, उकडपेंडी, मऊ खिचडी, वरणात कुस्करून भिजवलेली भाकर हे सारे दात नसलेल्यांसाठीच आपल्या आज्यांनी रचून ठेवले आहे. एक वाटी घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात, पेलाभर दुधातून जवळपास तेवढीच, एका अंड्यातून सहा. म्हणजे यांतले एकेक दिवसाला जोडले, तरी पाच पुड्यांनी जे साधत नाही ते साधते. चौथी गोष्ट, कवळी, हिरड्या, तोंड यांची तपासणी करून घ्यावी. ‘भाकर उतरत नाही’ या तक्रारीमागे तोंडातील छाले, बुरशी, कोरडेपणा, नैराश्य, कधी अन्ननलिकेचा गंभीर आजारही असू शकतो. घास अडकत असेल, किंवा सहा महिन्यांत वजन पन्नास किलोंवरून सत्तेचाळीसवर आले असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. याहून स्वस्त तपासणी नाही.

शेवटची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. एकट्याने जेवणारे माणूस कमी जेवते, हे मी घरोघरी पाहत आलो आहे. वावरातून सगळे परतल्यावर रात्रीचे एक जेवण तरी म्हाताऱ्या माणसाचे पान आपल्या पानाशेजारी मांडून व्हावे. त्याच्या वाटीत काय मऊ करून वाढायचे, हे त्याला विचारावे, म्हणजे त्याला मागावे लागणार नाही. नातवंडाच्या हातून वरणाची वाटी पुढे आली, तर ‘उतरत नाई’ म्हणणारे आजोबाही चार घास अधिक घेतात. जेवण झाल्यावर हवे तर त्यांनी एक बिस्कीट नातवाला द्यावे आणि एक आपण खावे. तेवढे त्यांच्या हक्काचे आहे.